पैठणहून काशीस : एका घराण्याचा शोध

काशीस दशाश्वमेध घाटावरून दक्षिणेकडे निघाले, की शीतला घाट ओलांडताच अहिल्याबाई घाट लागतो. या जागेचे जुने नाव केवलगिरी घाट. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अहिल्याबाई होळकरांनी येथे दगडी पायऱ्या बांधल्या, वर वाडा उभारला, आणि तेव्हापासून लोकांच्या तोंडी त्यांचेच नाव बसले. महाराष्ट्रातून गेलेला यात्रेकरू या पायऱ्यांवर थोडा अधिक रेंगाळतो. परमुलखात आपल्या भाषेतले एक नाव दगडावर भेटले, याचे त्याला समाधान वाटते. आणि मग सहजच त्याच्या मनात येते, की आपली माणसे या तीरावर आली तरी कधी?

या प्रश्नाचे ठरावीक उत्तर असे, की पेशवाईत आली. ते अगदीच चुकीचे नाही. भोसले घाट, बाळाजी घाट, दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट यांच्या आसपासची मराठी वस्ती, बायजाबाई शिंदे यांनी ज्ञानवापीजवळ बांधलेला मंडप, अमृतराव पेशव्यांची बांधकामे, ही सारी अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतली आहेत. परंतु राजे आणि सरदार काशीस आले ते थाटाने, पालख्या व कारकून घेऊन, बांधकामाला लागणारा पैसा गाठीशी बांधून. त्यांच्याही आधी अडीचशे वर्षे एक जोडपे दक्षिणेतून पायी निघून येथे आले होते. त्यांच्यापाशी ना सनद होती, ना हुंडी. होती ती विद्या, आणि बरोबर एक लहानसा मुलगा. आज त्या जोडप्याच्या घराण्याचा माग काढावयाचा आहे.

घराण्याचा माग काढणे म्हणजे काय, हे आपल्याकडील तीर्थयात्रेला गेलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. नाशिक, त्र्यंबकेश्वर, प्रयाग, गया, काशी, कोणत्याही क्षेत्री पाऊल टाकले, की उपाध्याय पुढे येऊन विचारतात, "आडनाव काय? मूळ गाव कोणते?" आणि घटकाभरात लांबलचक वहीचे एक पान आपल्यापुढे उघडे होते. त्यावर आपल्या आजोबांचे, क्वचित पणजोबांचे अक्षर असते. कोण केव्हा आले, बरोबर कोण होते, मुलगे किती, भाऊबंद कोठे विखुरले, याची ती नोंद. घरी ज्यांचे एक पत्रही उरलेले नाही, त्या माणसाची सही चारशे कोसांवरच्या परक्या घरात जपलेली सापडावी, हा अनुभव पुष्कळांना गलबलून टाकतो. हरिद्वारच्या अशा वह्यांचे महत्त्व ओळखून अमेरिकेतील युटाच्या एका वंशावळी संस्थेने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांची सूक्ष्मचित्रे घेतली, ती काही उगाच नव्हे.

अमेरिकेचा उल्लेख आला तो एका दृष्टीने बरे झाले. त्या देशातही नवख्या मुलखात जाऊन घर मांडणाऱ्या जोडप्यांचा शोध घेण्याची मोठी हौस आहे. १८६२ साली तेथे असा कायदा झाला, की कुटुंबप्रमुखाने सरकारी जमिनीपैकी १६० एकर आपल्या नावे नोंदवावी, तीवर घर बांधून पाच वर्षे राहावे, जमीन कसावी, आणि मग साक्षीदार उभे करून ती कायमची आपली करून घ्यावी. १ जानेवारी १८६३ रोजी, कायदा अमलात आला त्याच दिवशी, नेब्रास्कातील बीट्रिस गावाजवळ डॅनियल फ्रीमन नावाच्या गृहस्थाने असा एक दावा नोंदवला. पुढे ॲग्नेस नावाची त्याची पत्नी तेथे आली आणि त्या गवताळ माळावर त्यांचा संसार उभा राहिला. अशा लक्षावधी कुटुंबांची कागदपत्रे वॉशिंग्टनच्या दप्तरखान्यात आहेत. घर किती लांबरुंद, विहीर किती खोल, किती एकर नांगरट झाली, हे सारे साक्षीदारांच्या जबानीत मिळते. त्या जमिनीवरून ज्या मूळच्या जमातींना हुसकावण्यात आले, त्यांची कहाणी मात्र त्या कागदांत नसते. हेही वंशावळ वाचणाऱ्याने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. जे दप्तर एकाची नोंद ठेवते, ते दुसऱ्याला गाळून ठेवते.

आमच्या जोडप्याची विहीर किती खोल होती, हे सांगणारा साक्षीदार नाही. पण नातवाने लिहिलेले चरित्र आहे. नातवाचे नाव शंकरभट्ट, आणि ग्रंथाचे नाव 'गाधिवंशानुचरित'. घराण्याचे गोत्र विश्वामित्र. विश्वामित्राचा पिता गाधी. म्हणून हा गाधिवंश. महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री या बंगाली पंडितांनी या ग्रंथाच्या आधारे १९१२ साली काशीतील दाक्षिणात्य पंडितांवर एक लेख लिहिला. पुढे आपल्या पांडुरंग वामन काणे यांनी 'व्यवहारमयूख' संपादताना आणि धर्मशास्त्राचा इतिहास लिहिताना या घराण्याचा एकेक दुवा पारखून जागेवर बसवला. तेव्हा या कामी आपल्यापाशी एका घरातल्या माणसाची आठवण आहे आणि दोन परक्या विद्वानांची पारख आहे. शोधाला याहून अधिक भांडवल क्वचितच मिळते.

वंशाची गणना नागपाशापासून होते. त्याचा मुलगा चांगदेव, चांगदेवाचा गोविंद, आणि गोविंदाचा रामेश्वर. गाव पैठण. ज्याला जुने ग्रंथ प्रतिष्ठान म्हणतात, ते गोदाकाठचे विद्यापीठच. रामेश्वरभट्ट हे ऋग्वेदी देशस्थ ब्राह्मण. व्याकरणमहाभाष्य शिकवण्यात त्यांचा हातखंडा होता. तो काळ निजामशाहीचा. अहमदनगरचे ते राज्य नुकतेच, १४९० साली, उभे राहिले होते. शंकरभट्ट सांगतो, की रामेश्वरभट्टांनी एका मुसलमान सरदाराच्या मुलाचा कुष्ठरोग बरा केला. ही गोष्ट आपण इतिहास म्हणून घेऊ शकत नाही. पण एका पैठणकर वैदिक घराण्याला आपल्या पूर्वजाची मोठेपणाची गोष्ट सांगताना निजामशाही सरदाराचे नाव घ्यावेसे वाटले, हा मात्र इतिहासच आहे. त्या काळी या दोन जगांत जाणेयेणे होते, असा त्याचा अर्थ.

जोडप्याला मूल नव्हते. चरित्र सांगते, की रामेश्वरभट्ट कोल्हापुरास गेले आणि तेथे त्यांनी महालक्ष्मीची आराधना केली. तेथून ते विजयनगरास गेले. त्या वेळी तेथे कृष्णदेवराय राज्य करीत होता. त्याचा काळ १५०९ ते १५२९. एवढ्या वैभवशाली दरबाराच्या सावलीत पोहोचलेला पंडित तेथेच स्थिरावला असता, तर कोणी नवल केले नसते. पण रामेश्वरभट्टांनी पुढची वाट धरली ती द्वारकेची. त्याच प्रवासात, १५१३ च्या चैत्रात, मुलगा झाला. त्याचे नाव नारायण ठेवले.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. पुरुषाच्या दृष्टीने ही एक तीर्थयात्रा होती. बाईच्या दृष्टीने तो काय प्रवास असेल? कोल्हापूर, विजयनगर आणि तेथून द्वारका हे अंतर नकाशावर बोटाने मोजून पाहावे. पोटात मूल घेऊन, बैलगाडीच्या किंवा पायांच्या आधाराने ते तिने तोडले आणि वाटेतच ती बाळंत झाली. नातवाच्या काव्यात या प्रवासाचे पुण्य आजोबांच्या खाती जमा आहे. त्याची झीज कोणी सोसली, हे ओळींमधून वाचावे लागते.

द्वारकेस काही काळ अध्यापन करून ते पुन्हा पैठणास परतले. तेथे काही वर्षे गेली. मग १५२२ च्या सुमारास हे कुटुंब काशीस निघाले, ते परत न येण्यासाठी. दुसरा मुलगा श्रीधर वाटेत झाला, आणि तिसरा माधव काशीत. तीन मुलगे; त्यांतले दोघे वाटेवर जन्मलेले, आणि एकाचीच जन्मभूमी नवे घर. देशांतर करणाऱ्या कुटुंबाचा इतिहास मुलांच्या जन्मस्थानांवरून जसा वाचता येतो, तसा दुसऱ्या कशावरूनही वाचता येत नाही.

ती काशी कशी होती? उत्तर हिंदुस्थानात इब्राहीम लोदीचे राज्य होते, आणि पानिपतची पहिली लढाई चार वर्षांवर आली होती. आज जे दगडी घाट दिसतात, त्यांतले बहुतेक त्या वेळी नव्हते. विश्वेश्वराचे देवालय पूर्वीच्या शतकांतील आक्रमणांत पुन्हा पुन्हा पडले होते. अशा नगरात पन्नाशीकडे झुकलेला किंवा ती ओलांडलेला एक दक्षिणी पंडित येतो. त्याची भाषा येथल्या बाजारात कोणी बोलत नाही. आणि तो पाठशाळा सुरू करतो. माळावर नांगर चालवून जमीन आपली करावी, तशी या माणसाने शिकवून शिकवून जागा आपली केली. शिष्य दूरदूरच्या प्रांतांतून आले.

गुरुगृही विद्या म्हणजे केवळ व्याकरणाचा पाठ नव्हे. त्या मुलांना दोन वेळा जेवू घालावे लागे, आजारात त्यांचे दुखणेखुपणे काढावे लागे. संस्कृत ही गुरू आणि शिष्य यांच्यातली भाषा झाली. चुलीशी कोणती भाषा बोलली जात होती, ते घराण्याच्या पुढच्या आचारावरून उघड आहे. पिढ्यान् पिढ्या काशीत राहूनही ही मंडळी दाक्षिणात्य म्हणूनच ओळखली गेली. हा वारसा पुरुषांनी पोथीतून आणि बायकांनी स्वयंपाकघरातून पुढे नेला.

नऊ वर्षांचा असताना काशीस आलेला नारायण हा पुढे त्या नगराचा धुरीण झाला. १५४५ साली त्याने 'वृत्तरत्नाकरा'वर टीका लिहिली. त्याचा 'प्रयोगरत्न' हा संस्कारांचा ग्रंथ 'नारायणभट्टी' या नावाने महाराष्ट्रातल्या याज्ञिकांच्या हाती शतकानुशतके राहिला. म्हणजे जे कुटुंब पैठण सोडून गेले, त्याच्याच पोथीवरून मागे राहिलेल्यांच्या घरी मुंजी व लग्ने लागली. पंडितसभेत अग्रपूजेचा मान या घराण्याकडे आला, आणि नारायणभट्टांना लोक जगद्गुरू म्हणू लागले. अकबराचा मंत्री तोडरमल याच्या घरच्या श्राद्धप्रसंगी गौड व मैथिल पंडितांशी झालेल्या वादात त्यांनी बाजी मारली, अशी घराण्यातली आठवण आहे.

पण नारायणभट्टांचे खरे अंतःकरण दिसते ते 'त्रिस्थलीसेतू'त. प्रयाग, काशी आणि गया या तीन क्षेत्रांचा तो ग्रंथ. त्यात एक अवघड प्रश्न त्यांनी टाळला नाही. परकीय सत्तेच्या जुलमाने विश्वेश्वराचे मूळ लिंग उखडले गेले असेल, तर यात्रेकरूने काय करावे? ते सांगतात, की माणसांनी त्या ठिकाणी दुसरे लिंग बसवले असेल, तर त्याची पूजा करावी. आणि तेथे काहीच नसेल, तर त्या स्थानालाच प्रदक्षिणा घालावी, त्यालाच नमस्कार करावा. धर्मशास्त्राच्या रूक्ष भाषेत एवढे करुण आणि एवढे खंबीर वचन क्वचितच आढळेल. ज्याच्या आईबापांनी आपले गाव मागे ठेवले, त्याला रिकाम्या जागेची किंमत कळत होती. पुढे तोडरमलाच्या साहाय्याने, १५८५ च्या सुमारास, नारायणभट्टांनी त्याच जागी विश्वेश्वराचे भव्य देवालय उभे करविले.

नारायणभट्टांचे मुलगे तीन : रामकृष्ण, शंकर आणि गोविंद. यांतल्या शंकरभट्टानेच घराण्याचे चरित्र लिहिले. रामकृष्णाचे मुलगे दिनकर, कमलाकर आणि लक्ष्मण. कमलाकरभट्टाने १६१२ साली पुरा केलेला 'निर्णयसिंधू' आजही एकादशी कोणत्या दिवशी धरावी, श्राद्धतिथी कोणती घ्यावी, असे वाद पडले म्हणजे उघडला जातो. शंकरभट्टाचा मुलगा नीलकंठ. यमुना व चंबळ यांच्या संगमाजवळील भरेह येथील सेंगर राजा भगवंतदेव याच्या आश्रयाने त्याने बारा 'मयूख' लिहिले. त्यांतला 'व्यवहारमयूख' ब्रिटिश अमदानीत गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथे वारसाहक्काच्या दाव्यांत प्रमाण मानला गेला. पैठणहून निघालेल्या जोडप्याचा पणतू तीनशे वर्षांनी मुंबईच्या हायकोर्टात साक्षीला उभा राहिला म्हणा ना!

आणि त्या साक्षीत एक गोष्ट विशेष होती. नीलकंठाने वारसांच्या क्रमात बहिणीला वरची जागा दिली. ती भावाच्याच गोत्रात जन्मलेली, तेव्हा तिचा हक्क आजीच्या पाठोपाठ, असे त्याचे म्हणणे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने हे सारे जुने क्रम मागे पडले. परंतु तोवर पश्चिम हिंदुस्थानातल्या किती तरी बहिणींच्या हाती घर, शेत, दागिने पडले ते या वचनामुळे.

वंशावळीची ओळ पुन्हा एकदा वाचा : नागपाश, चांगदेव, गोविंद, रामेश्वर, नारायण, रामकृष्ण, दिनकर. एकाही स्त्रीचे नाव त्या ओळीत नाही. कमलाकरभट्ट मात्र आपल्या ग्रंथांत पिता रामकृष्ण यांच्याबरोबर माता उमा हिचे नाव घेतो. मुलाने कृतज्ञतेने घेतलेले ते एक नाव वाचताना बरे वाटते, आणि त्याच वेळी न घेतलेल्या नावांची संख्या डोळ्यांत भरते. ज्या घराण्याने बहिणीचा हक्क लिहून ठेवला, त्याच घराण्याच्या वंशवृक्षात बहिणींना फांदी नाही. हा दोष एकट्या भट्ट घराण्याचा नव्हे. आपण प्रत्येकाने तीर्थोपाध्यायाच्या वहीतले आपले पान आठवावे, म्हणजे पुरे.

आता अखेरचा दुवा. दिनकरभट्टाच्या मुलाचे नाव विश्वेश्वर. बाप लाडाने त्याला 'गागा' म्हणे, आणि तेच नाव इतिहासात राहिले. ६ जून १६७४ रोजी रायगडावर श्रीशिवछत्रपतींना राज्याभिषेक झाला, तो या गागाभट्टांच्या हातून. वैदिक विधीने राजाला अभिषेक करण्याची रीत दक्षिणेत मोडून गेली होती. ती पोथ्यांतून पुन्हा जुळवावी लागली, आणि ते काम करावयास काशीचा पंडित लागला. पण काशीचा पंडित म्हणजे कोण? रामेश्वरभट्टांचा खापरपणतू. गोदावरीकाठाहून गेलेली विद्या दीडशे वर्षे गंगाकाठी वाढून, सह्याद्रीवर एक राज्य जन्माला येताच, त्याच्या मस्तकी पाणी शिंपडावयास परत आली. दिलेले बी असे कधी कधी सव्याज परत मिळते.

या शोधातले किती खरे मानावे, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो विचारलाच पाहिजे. नातू आजोबांचे चरित्र लिहितो तेव्हा तो न्यायाधीश नसतो, भक्त असतो. कुष्ठरोग बरा झाला, देवीने वर दिला, ही भक्ताची भाषा. म्हणून प्रत्येक दुवा बाहेरच्या पुराव्याला लावून पाहावयाचा. नारायणाचा जन्म १५१३ चा धरला, तर त्याची १५४५ ची टीका बत्तिसाव्या वर्षाची ठरते, आणि ते सुसंगत आहे. नातू कमलाकर १६१२ साली लिहितो, तेही बसते. कृष्णदेवरायाचा काळ प्रवासाशी जुळतो. तोडरमल १५८९ साली वारला, देवालय त्याआधीचे. चमत्कार वजा केल्यावर जो सांगाडा उरतो, तो तारखांच्या भाराखाली मोडत नाही. घरच्या आठवणींवर विश्वास ठेवावा तो इतका, आणि या रीतीने.

नारायणभट्टांचे देवालय फार दिवस टिकले नाही. १६६९ साली औरंगजेबाच्या आज्ञेने ते पाडले गेले. म्हणजे गागाभट्ट रायगडावर उभे होते तेव्हा त्यांच्या पणजोबांचे देऊळ पडून पाच वर्षे झाली होती. पुढे शंभरांवर वर्षे यात्रेकरू 'त्रिस्थलीसेतू'त सांगितल्याप्रमाणे स्थानालाच नमस्कार करीत राहिले. मग १७८० च्या सुमारास महेश्वरची एक विधवा राणी पुढे आली आणि तिने त्या स्थानाच्या शेजारी आज उभे असलेले विश्वनाथाचे देऊळ बांधले. तिचे माहेर चौंडी. पैठणप्रमाणेच तेही महाराष्ट्रातले एक गाव.

तेव्हा अहिल्याबाई घाटाच्या पायरीवर बसलेल्या मराठी यात्रेकरूच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. आपली माणसे येथे प्रथम दान द्यावयास आली नाहीत, आसरा मागावयास आली. त्यांना नगराने जागा दिली, आणि त्यांनी त्या जागेचे ऋण विद्येने फेडले. सरदारांनी आणि राण्यांनी दगड बसवले ते त्यानंतर. अहिल्याबाईंचे नाव घाटावर कोरलेले आहे. रामेश्वरभट्टांचे पोथीत आहे. आणि त्यांच्या मागोमाग, कडेवर मूल घेऊन, जी ही वाट चालून आली, तिचे नाव ज्याने त्याने गंगेत ओंजळ सोडताना आपल्या मनातल्या एखाद्या आजीपणजीच्या नावाबरोबर घ्यावे. आणि उपाध्यायांनी वही पुढे केली, की आपल्या पानावर घरातल्या लेकीसुनांची नावेही लिहून यावे. पुढे कोणी शोध घ्यावयास आले, तर त्यांना ओळींमधून वाचावे लागणार नाही.